धुरपताबाईचं भांडण

मी तीसेक वर्षं शिक्षक होतो. तेवढ्या काळात माझी तपासणी बऱ्याच साहेबांनी घेतली. कुणी टाचणवही पाहिली, कुणी फळा पाहिला, कुणी नुसताच चहा पिऊन सही केली. त्यातल्या एकाचंही नाव मला आज धड आठवत नाही. ज्या माणसानं माझी खरी तपासणी घेतली, त्याला अक्षरओळख नव्हती. ती एक बाई होती आणि तिचं नाव धुरपताबाई.

मी मूळचा राणीसावरगावचा. पहिली नेमणूक मिळाली ती बोरीपासून दोन कोसांवरच्या एका लहान गावात. शाळा सातवीपर्यंतची, खोल्या चार, शिक्षक पाच. माझ्याकडे तिसरी होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी मी हजेरी घेत होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. उंच, काटक, रापलेली, कासोटा घातलेलं हिरवं लुगडं आणि हातात प्रगतिपत्रक. त्या काळी आमच्या शाळेत बौद्धवाड्यातलं कुणी आलं तर ओट्याखाली उभं राहून हाक मारत असे. ही थेट वर्गाच्या उंबऱ्यावर आली होती.

"तिसरीचे गुरुजी तुमीच न्? ह्यात काय लिव्हलंय ते वाचून दावा."

मी पाहिलं. प्रगतिपत्रक सुजाताचं होतं. शेवटच्या रांगेत खिडकीशी बसणारी, फारसं न बोलणारी मुलगी. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: वाचन, साधारण.

"साधारण," मी म्हणालो.

"तेच म्हणली माजी पोरगी. दुकानदारबी तेच म्हणला." ती म्हणाली. "साधारण म्हंजी?"

"म्हणजे चांगलं नाही आणि वाईटही नाही."

"बरं. तुमी हिला कवा वाचायला लावलं व्हतं?"

मी हजेरीपटात डोकं घातलं. कारण मी तिला कधीच वाचायला लावलं नव्हतं. मी नवा होतो, पत्रकं भरायची घाई होती आणि हेडगुरुजींनी सांगितलं होतं, "त्या गल्लीतल्या पोरांना साधारणच लिहायचं. चांगलं लिहिलं की आईबाप डोक्यावर बसतात, वाईट लिहिलं की वरपर्यंत तक्रार जाते." मी तसं लिहिलं होतं. त्या गल्लीतल्या बाकीच्या अकरा मुलांच्या पत्रकावरही तेच होतं.

धुरपताबाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं. "आता लावा," ती म्हणाली आणि दाराशीच खाली बसली.

मी तिसरीचं पुस्तक दिलं. सुजातानं एक पान घडाघडा वाचलं, बोट न ठेवता. मी पाचवीचं मागवलं. तेही वाचलं. मग माझ्या टेबलावरचं दोन दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र दिलं. त्यात धरणाच्या पाण्यावरून चाललेल्या वादाची बातमी होती. ती तिनं वाचली आणि मान वर करून विचारलं, "गुरुजी, हे लोक पाणी अजून आलंच न्हाई तर कामून भांडायलेत?"

पोरगी आठ वर्षांची होती.

धुरपताबाई उठली, लुगडं झटकलं. "मी कामाला जाते. तेवढं साधारण खोडा," एवढं म्हणून ती निघून गेली.

पुढे मला हळूहळू कळत गेलं की ही बाई कशी आहे. औरंगाबादला शिकणारा तिचा भाऊ सुट्टीत यायचा. त्यानं भाचीला पाचव्या वर्षी अक्षरं शिकवली. तो नोकरी लागून लांब गेला आणि पोरीला पुढे काय द्यायचं हा प्रश्न धुरपताबाईवर पडला. स्वतःला येत नाही, नवरा किसन सालगडी, त्यालाही येत नाही. मग तिनं आपली एक रीत काढली. पोरीनं काही वाचून दाखवलं की तोच कागद ती दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची, आणि दोघांचं जुळलं तरच मान हलवायची. पोस्टमन, गिरणीवाला, ग्रामसेवक, कुणालाही सोडायची नाही. "पोटची पोर असली म्हणून काय झालं? लेकरू हाय, मनानं जोडून सांगंल." खताच्या पोत्यावरची अक्षरं, एसटीच्या तिकिटामागचा मजकूर, रेशन दुकानावरची पाटी, सगळं असं तपासून झालेलं होतं. वर्षभर पोरगी एकदाही चुकली नाही, पण पोस्टमन दोनदा चुकला. ते ती सगळ्या गावाला सांगायची.

बाजार बोरीचा. तिथला किराणा दुकानदार मला एकदा म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गावची ती उंच बाई आहे ना, ती सौदा नंतर बघती, कागद आधी बघती." धुरपताबाईला पुडी बांधून द्यायची तर मराठी कागदात, आणि कागद मधून फाटलेला चालायचा नाही. एकदा हळद कुठल्यातरी मासिकाच्या पानात बांधून मिळाली. सुजातानं वाचलं तर गोष्ट ऐन रंगात येऊन पान संपलेलं. पुढच्या बाजाराला धुरपताबाई दुकानात हजर. "ह्याच्या म्होरलं पान कुटंय?" दुकानदार म्हणाला, रद्दीत असेल, कुणाच्या तरी शेंगदाण्याला गेलं असेल. ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि पोरीला रद्दीच्या ढिगात बसवलं. गिऱ्हाईकं तिला ओलांडून आत जात होती. अर्ध्या तासानं पान सापडलं. तेव्हा धुरपताबाईनं गरज नसताना त्या पानात बांधून जिरं घेतलं, कारण फुकट कागद मागणं तिला मंजूर नव्हतं.

त्या पहिल्या वाचनानंतर मी हेडगुरुजींकडे गेलो होतो. म्हणालो, ही मुलगी तिसरीत बसून वाया जायलीय, हिला निदान कपाटातली पुस्तकं तरी देऊ. शाळेत एक लोखंडी कपाट होतं. सरकारकडून आलेली शे-दीडशे पुस्तकं त्यात होती आणि किल्ली हेडगुरुजींच्या जानव्याला.

"पाठ केलंय तिनं," हेडगुरुजी म्हणाले.

"वर्तमानपत्र कसं पाठ करेल?"

"तुम्ही नवे आहात. त्यांच्याकडे गाण्या-बिण्याचा नाद असतो. एकदा ऐकलं की पाठ. वाचणं वेगळं." आणि विषय संपला. मीही तो संपू दिला.

संध्याकाळी विहिरीच्या वाटेवर धुरपताबाई भेटली. मी झालं ते सांगितलं. माझी समजूत अशी की मी तिच्या बाजूनं बोललो याचं तिला बरं वाटेल.

"म्हंजी तुमी इचारलं, त्यांनी न्हाई म्हणलं अन् तुमी माघारी आले?"

"हो."

"गुरुजी, माजी शेळीबी ह्याच्यापेक्षा लांब जाती."

एवढं बोलून ती चालू लागली. मला राग आला. बावीस वर्षांचा होतो, नोकरी कच्ची होती, आणि एक मजूर बाई मला शेळीच्या मागं टाकत होती. रात्री जेवताना लक्षात आलं की राग तिचा आलेला नाही.

शाळेचं कपाट बंद, तेव्हा तिनं तालुक्याच्या गावचं वाचनालय शोधून काढलं. त्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो. तिनंच बोलावलं होतं, "नुसतं हुबं ऱ्हायाला." लाकडी कठड्यामागं एक म्हातारे ग्रंथपाल बसले होते. सुजाताला पाहून त्यांनी चित्रांच्या पुस्तकांची एक फळी दाखवली. तिनं ती चाळली आणि दहा मिनिटांत परत आली.

"मोठी पुस्तकं द्या," धुरपताबाई म्हणाली.

"लहान मुलांना देत नाही. तिला झेपायची नाहीत."

"मंग मला द्या. मी मोठी हाय."

"तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई."

ग्रंथपाल हसले. "मग सभासद होऊन काय करणार?"

धुरपताबाईनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "सुजे, ते काय लिव्हलंय?"

सुजातानं मोठ्यानं वाचलं. "वाचनालयाचे नियम. एक, अठरा वर्षांवरील कोणाही व्यक्तीस सभासद होता येईल. दोन, पुस्तकाची पाने दुमडू नयेत."

"वाचता आलं पायजे असं हाय का कुटं?"

पोरीनं शेवटपर्यंत पाटी वाचली, तिसऱ्या नियमापासून अकराव्यापर्यंत. तसं कुठंच नव्हतं. ग्रंथपालांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अर्ज पुढं केला. त्या अर्जावर धुरपताबाईचा अंगठा आहे आणि साक्षीदार म्हणून माझी सही. माझ्या आयुष्यातल्या ज्या थोड्या सह्यांचा मला अभिमान वाटतो, त्यांतली ती पहिली.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. शेतात काम उरलं नाही, तेव्हा बाया सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. धुरपताबाईही जायची. एका रविवारी मी सायकलवरून त्या बाजूनं चाललो होतो. पाहिलं तर बाया रांगेनं बसून हातोडीनं दगड फोडताहेत आणि मधोमध उलट्या टोपलीवर बसून सुजाता वाचनालयाचं पुस्तक मोठ्यानं वाचतेय. मुकादम तणतणत आला.

"हे काय चाललंय? काम करायलेत का गोष्टी ऐकायलेत?"

धुरपताबाईनं हातोडी थांबवली नाही. "हात चालू हायेत न् मुकादम? कान रिकामेच हायेत. त्याची हजेरी तुमी कवा मांडता?"

बाया हसल्या. मुकादम काहीतरी पुटपुटत पलीकडे गेला. पण पुढच्या रविवारी भानगड वेगळीच झाली. पलीकडच्या टोळीतल्या बायांना ऐकू येईना म्हणून त्या सरकत सरकत जवळ आल्या आणि सरळ रांगेची पार चंद्रकोर झाली. तेव्हा मुकादम ओरडला तो रांगेवरून. वाचनाबद्दल तो बोलला नाही.

त्या पहिल्या रविवारी मी तिला म्हणालो होतो, "धुरपताबाई, तुम्हालाही अक्षरं शिकवतो मी. महिन्याभरात येतील."

तिनं जरा विचार केला. "नको गुरुजी. वाचणारे लय व्हतील. माज्या पोरीला ऐकणारंबी कुणी लागंल न्."

मला तेव्हा हे पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. पण तिला पटवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

फेब्रुवारीत तपासणी लागली. साहेब येणार म्हणून शाळा सारवली, तोरणं लावली. हेडगुरुजींनी मला बजावलं, वाचनाला पुढच्या रांगेतली चार मुलं उठवायची, त्यांची तयारी झालेली आहे. साहेब आले, चार मुलांनी वाचलं, साहेब खूश झाले. ते उठणार तोच दारात धुरपताबाई उभी. कामावरून थेट आली असावी, लुगड्यावर दगडाची पांढरी भुकटी होती.

"सायेब, माज्या पोरीचं ऐकायचं ऱ्हायलं."

"ए बाई, तू जा कामाला," हेडगुरुजी पुढे झाले. साहेबांना म्हणाले, "पाठ करून म्हणते साहेब. आई फार त्रास देते."

या वेळी मी माघारी आलो नाही. म्हणालो, "साहेब, तिला वाचता येतं. मी ऐकलंय."

साहेबांनी सातवीचं पुस्तक मागवलं. सुजातानं एक धडा वाचला. हेडगुरुजी म्हणाले, "हिचा चुलतभाऊ सातवीत आहे. घरी ऐकून पाठ झालंय."

"मंग जे कुणीच वाचलं न्हाई ते द्या," धुरपताबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. टेबलावर सकाळच्या टपालानं आलेला एक लिफाफा पडला होता, तालुक्याच्या कचेरीतून आलेला, न फोडलेला. तिनं त्याच्याकडं बोट केलं. "ते फोडा. ते तर हिनं पाठ केलं नसंल?"

साहेबांना गंमत वाटली. हेडगुरुजी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी लिफाफा फोडून कागद पोरीच्या हातात दिला. सुजाता वाचू लागली, स्वच्छ, न अडखळता:

"विषय, मासिक पत्रके सादर न केल्याबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या शाळेची गेल्या तीन महिन्यांची मासिक पत्रके या कार्यालयास अद्याप अप्राप्त आहेत. सबब, सात दिवसांचे आत आपला लेखी खुलासा..."

हेडगुरुजींनी कागद घ्यायला हात पुढे केला. साहेबांनी विचारलं, "अप्राप्त म्हणजे काय गं?"

"मिळालं न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"प्राप्त म्हंजी मिळालं. त्याला आधी अ लावलाय."

"अन् सगळ्या कागदात काय म्हणलंय?" दारातून धुरपताबाईनं विचारलं. पोरगी आईकडे वळली आणि तिला समजेल अशा बोलीत सांगितलं, "आई, हेडगुरुजींनी तीन महिने कागद धाडले न्हाईत. कामून धाडले न्हाईत ते सात दिसांत लिहून द्या म्हणतेत."

साहेब मोठ्यानं हसले. मी हसलो नाही, कारण पुढे तीन वर्षं मला हेडगुरुजींच्या हाताखाली काढायची होती.

पण पोरीला वरच्या वर्गात बसवा असं धुरपताबाई म्हणाली, तेव्हा साहेब गंभीर झाले. "बाई, मुलगी हुशार आहे. पण एकदम वरच्या इयत्तेत घालता येत नाही. तसा नियम नाही."

"नियम न्हाई म्हंजी मनाई हाय, का नुसतं लिव्हलं न्हाई?"

साहेबांनी शेरेबुक ओढलं आणि लिहिलं. धुरपताबाई हलली नाही. साहेबांची सही झाल्यावर म्हणाली, "सुजे, वाच." सुजातानं साहेबांचाच शेरा साहेबांसमोर वाचला: या विद्यार्थिनीस वाचनाच्या तासाला सातवीच्या वर्गात बसू द्यावे व कपाटातील पुस्तके घरी वाचावयास द्यावीत. मग धुरपताबाईनं तो शेरा मलाही वाचायला लावला. दोघांचं जुळलं, तेव्हा ती कामावर परत गेली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. सुजाता सातवीच्या वर्गात जाऊन बसली आणि अडलेले शब्द मोठ्या पोरांना सांगू लागली. त्यात ज्या मळ्यावर किसन सालगडी होता त्या मालकाचा मुलगा होता. मालक वाईट माणूस नव्हता. पोराला कमीपणा वाटतो एवढंच त्याला दिसलं. त्यानं किसनला गोडीत सांगितलं, "घरात सांगून बघ. लेकरानं लेकराच्या वर्गात बसावं." किसननं घरी सांगितलं. पाडव्याला साल संपलं आणि मालकानं त्याला पुढं ठेवलं नाही.

मी हादरलो. शेवटी हे सगळं कुठं जाऊन पोचलं, असं वाटलं. तिच्या घरी गेलो. किसन ओट्यावर डोकं धरून बसला होता. धुरपताबाई भाकरी थापत होती.

"पोरीला थोडे दिवस तिसरीतच बसवू," मी म्हणालो. "मी तिला वेगळी पुस्तकं देईन. कुणाला कळणार नाही."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "चोरून वाचायचं?"

"तसं नाही..."

"तसंच हाय, गुरुजी. साल गेलं तर दुसऱ्या मळ्यात साल मिळंल. लेकराची इयत्ता गेली तर मी ती कोण्या बाजारातून आणू?"

किसननं मान वर केली. तो फार कमी बोलायचा. म्हणाला, "बसू द्या तिला सातवीत. मी बोरीकडं मळा बघायलोय." आणि खरंच बघितला. रोज दोन कोस जायचा आणि दोन कोस यायचा. मला तो माणूस त्या दिवसापर्यंत दिसलाच नव्हता.

सुजाता तो तास सातवीत बसली, आणि खरीखुरी सातवी होईपर्यंत त्या कपाटात तिनं न वाचलेलं पुस्तक राहिलं नाही. पुढे शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात तिची सोय झाली. त्याआधीच माझी बदली सेलूच्या बाजूला झाली आणि त्या गावाशी संबंध सुटला होता.

बदलीनंतर वर्ष-दीड वर्षानं देवगाव फाट्यावर मी गाडीची वाट पाहत उभा होतो. ऊन तापलेलं. चिंचेच्या सावलीत एक उंच बाई गाठोडं घेऊन उभी दिसली. केस पांढरे व्हायला लागलेले, पण उभं राहणं तेच.

"धुरपताबाई!"

"गुरुजी व्हय!" ती हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. सुजाता आठवीत होती. "बरी हाय न् ती?" मी विचारलं. माझ्याही तोंडून तिचीच बोली आली.

"बरी हाय. पर तिकडं तिला खालच्या तुकडीत टाकलंय. खेड्यातून आलेल्या समद्या पोरी एकाच तुकडीत. त्या तुकडीला हलकं इंग्रजी शिकवतेत म्हणं. मोठ्या बाईंना भेटाया चाललेय."

"म्हणजे परत भांडण?"

"परत कुटं, गुरुजी?" ती म्हणाली. "मिटलंच कवा व्हतं?"

तेवढ्यात तिची गाडी आली. गर्दी दाराशी तुटून पडली. मी गाठोडं घेऊ लागलो, पण तिनं ते आधीच डोक्यावर चढवलं होतं आणि ती कोपरांनी वाट काढत आत शिरलीही होती. खिडकीतून मला ती दिसत होती. दाराजवळच्या बाकावर पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ पाय पसरून बसला होता.

"उठा. ही बायांची जागा हाय."

"कुठं लिहिलंय?" गृहस्थ म्हणाला.

"तुमच्या डोक्यावर," धुरपताबाई म्हणाली. "तुमाला येतं न् वाचायला? वाचा."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली, धूळ उडाली आणि त्या धुळीतून मला शेवटचं दिसलं ते एवढंच, की तो गृहस्थ मान वर करून वाचायला लागला होता आणि धुरपताबाई त्याच्या पुढ्यात, गाठोडं सावरत, त्याचं वाचून व्हायची वाट बघत उभी होती.